टपालातून शिकवणी

४ फेब्रुवारी

चि. ठकीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. मामीचे गुडघे कुरकुरतात, पण मामी गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही.

कामाचंच लिहितो. आमच्या वाचनालयात सूचना लागली आहे की एप्रिल संपता संपता सगळ्या कर्मचाऱ्यांची कॉम्प्युटरची परीक्षा होणार. अवघड काही नाही म्हणतात, रोजच्या कामापुरतं. पुस्तक शोधणं, देणं, परत घेणं, पत्र टाइप करणं, छापणं, मेल पाठवणं. पास होतील ते आपल्या जागी राहतील. नापास होतील त्यांची बदली जुन्या वर्तमानपत्रांच्या कोठारात. कोठार म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं तळघर. मागे एकदा गठ्ठे पोचवायला गेलो होतो, तर पुढचा आठवडाभर छातीत शिट्ट्या वाजत होत्या. माझा दमा तुला माहीत आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तिथे गेलो तर आधी ती संपतील की मी, सांगता येत नाही.

शिकवायला एक जण आला होता. एका सकाळीत सगळं उरकून गेला. पडद्यावर काय झालं हे मला कळेपर्यंत दुसरंच काहीतरी झालेलं असायचं. शेवटी ‘काही शंका?’ असं विचारलं त्यानं. शंका यायलाही थोडंफार कळावं लागतं. चूपसाहेबांनी तर सगळं समजल्यासारखी मान डोलावली. चूपसाहेब म्हणजे आमच्या वाचनकक्षात बसतात ते. जन्मभर लोकांना ‘चूप’ म्हणत आले, म्हणून हे नाव.

सध्या मी खिडकीवर पुस्तकं पुढे सरकवतो आणि कॉम्प्युटरचं काम शेजारच्या टेबलावरच्या बाई करून देतात. किती दिवस करतील? ऑफिसात विचारायची लाज वाटते. फोनवर तू सांगशील, पण ऐकताना मी ‘हो, हो’ म्हणतो आणि फोन ठेवला की पाटी कोरी. तेव्हा लिहूनच पाठव. कागद समोर ठेवून करता येईल. तू इतकी वर्षं तिथल्या वाचनालयात हेच करते आहेस, तुझ्या हातचा मळ आहे.

पहिला प्रश्न. माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला पोचला आणि बाण अजून पडद्याच्या मध्येच असला, तर काय करायचं? हसू नकोस.

तुझा
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

हसले. खोटं कशाला बोलू? बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तुमचे आभारच मानते.

माऊस उचलायचा आणि पुन्हा टेबलाच्या मध्ये ठेवायचा. उचललेला असतो तेवढा वेळ बाण जागचा हलत नाही. जन्मभर धरून ठेवायची वस्तू नाही ती. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, ते खुर्ची मागे मागे सरकवत भिंतीला टेकले होते, पण माऊस उचलला नाही. त्यामानाने तुम्ही पुढे आहात.

बटण दाबताना हात हलू द्यायचा नाही. दाबायचं, सोडायचं. दोनदा दाबायचं असेल तर दारावर टकटक करतो तशा चालीनं. आपण कडी वाजवून थांबतो तसं नाही.

आणि पहिली गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. तुमच्या हातून काही मोडणार नाही. तुम्ही भिऊन हात मागे घेता, हे मला इथे बसून दिसतं आहे. चुकलं तर मागे फिरवता येतं. पडद्यावर उलट्या वळलेल्या बाणाची खूण असते, ती दाबली की आत्ता केलेलं निस्तरतं. आयुष्यात अशी सोय दुसरीकडे कुठे नाही, इथे आहे तर वापरून घ्या.

पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवत जा. ऑफिसात टपाल इकडेतिकडे होतं. वेळेची काळजी करू नका. हल्ली आमच्या खिडकीवर गर्दी नसते.

मामीला नमस्कार.

तुमची
ठकी


२४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

उलट्या बाणाचा मी इतका उपयोग केला की सकाळी टाइप केलेलं अख्खं पत्र दुपारपर्यंत निस्तरून टाकलं. म्हणजे कोरं केलं. मग ते परत आणायला सुलट बाण असतो, हेही आपोआप शिकलो.

पासवर्डानं मात्र जीव नकोसा केला आहे. त्यात अक्षर हवं, आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि तो कुणाला सांगायचा नाही. मी तो इतका गुप्त ठेवला की मलाही सापडेना. तीनदा चुकल्यावर कॉम्प्युटरनं मला बाहेर काढलं. ग्रंथपाल बाईंकडे जाऊन नवा मागावा लागला. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. काही बोलल्या नाहीत, नुसत्या दमल्यासारख्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि टाइप केलेलं जातं कुठे? मी ‘सेव्ह’ करतो. दुसऱ्या दिवशी ते नसतं. चूपसाहेबांचंही असंच होतं. ते म्हणतात यंत्र खातं.

काल एकाला मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक हवं होतं. मी त्याचं म्हणणं पूर्ण वाक्यात टाइप केलं, शेवटी ‘कृपया’सुद्धा घातलं. काही मिळालं नाही म्हणून उत्तर आलं. मग मी उठून मागच्या मांडणीवरून पुस्तक काढून दिलं. माणूस खूश झाला. ग्रंथपाल बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काका, परीक्षेत उठून जाता येणार नाही.’

तुझ्या ऑफिसचा मेलचा पत्ता जुन्या कार्डावर आहे माझ्याकडे. हात बसला की पहिली मेल तुलाच.

तुझा
मामा


८ मार्च

ती. मामांस सा. न.

उत्तराला उशीर झाला. दिवसभर टाइप करून संध्याकाळी बोटं जड होतात.

यंत्र खात नाही, चूपसाहेबांना सांगा. सेव्ह करताना ते विचारतं, कुठे ठेवू? आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. मग ते त्याला वाटेल त्या कोपऱ्यात ठेवतं. तुम्ही एक काम करा. स्वतःच्या नावाचं एक फोल्डर करा. फोल्डर म्हणजे कपाटातला आपला खण. प्रत्येक वेळी तोच खण दाखवायचा, आणि कागदाला असं नाव द्यायचं की महिन्यानंतरही ओळखू येईल. ‘पत्र’, ‘पत्र नवीन’, ‘पत्र खरं नवीन’ अशी नावं दिलीत तर मी येऊन कान धरीन. हे मी अंदाजानं लिहिते आहे, पण अंदाज बरोबर असणार.

पासवर्डाला मामी तुमच्यावर चिडल्यावर म्हणते ते वाक्य घ्या. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर, मध्ये एखादा आकडा, शेवटी एक चिन्ह. ते तुम्ही विसरणं शक्य नाही.

शोधताना कमी बोलायचं. ‘मधमाश्या’ एवढंच. नाही मिळालं तर ‘मधमाशी’. मग ‘मध’. यंत्राला आपलं दुःख सांगायचं नाही, फक्त नाव सांगायचं. माणसांशी बोलताना याच्या उलट असायला हवं, पण आपण तिथेही शब्द मोजतो.

मेलची घाई नको. आत्ता कागदावरच बरं चाललं आहे.

तुमची
ठकी


२९ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मध्ये एक पत्र टाकलं होतं, पोचलं नसेल. त्यात विशेष काही नव्हतं. तू आणि जावईबापू सुट्टीत याल का, एवढंच विचारलं होतं. मामी म्हणते, नोकरी करणाऱ्या बायकांना मामाकडे यायला कुठे फुरसत. मी म्हटलं, तिच्या अंगावर सगळं वाचनालय आहे. मी ऑफिसातही सांगून ठेवलं आहे की माझी भाची ग्रंथालयातच आहे, आणि मोठ्या हुद्द्यावर. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, म्हणजे घराण्यातच आहे. छाती फुगली. दम्यातल्यासारखी नाही, चांगली.

पण फुगा टिकला नाही. परवा सरावाची परीक्षा घेतली. मी नापास झालो. पुस्तक शोधलं, दिलं, परत घेतलं, पत्रही टाइप झालं. छापायला गेलो तर कागद अडकला. मी तो ओढला तर अर्धा हातात आणि अर्धा आत. तेवढ्यात वेळ संपला. चूपसाहेब माझ्या बाजूला बसले होते, ते पहिल्याच प्रश्नावर होते. बाहेर येऊन आम्ही दोघं पायरीवर बसलो. ते म्हणाले, ‘तळघरात निदान शांतता तरी असेल.’

ठके, मी दमलो आहे. काम कधी अंगावर आलं नव्हतं मला. लोक पुस्तक मागायचे, मी द्यायचो. संध्याकाळी पाय दुखायचे, डोकं नाही. आता घरी आल्यावर मामी काही विचारते तर मला वाटतं, हिलासुद्धा उत्तर द्यायला घड्याळ लावलं आहे.

मेलला कागद कसा जोडायचा ते लिही. तेवढंच उरलं आहे.

तुझा
मामा


७ एप्रिल

ती. मामांस सा. न.

मधलं पत्र पोचलं होतं. सुट्टीचं काय लिहावं ते सुचेना, म्हणून राहिलं.

कागद अडकला तर ओढायचा नाही. छपाईयंत्राचं झाकण उघडायचं, दोन्ही हातांनी धरून सरळ, सावकाश बाहेर घ्यायचा. चुरगळलेला एक तुकडाही आत राहता कामा नये. आमच्याकडचं यंत्र होतं ते रोज अडायचं. मी त्याला थोपटायचेसुद्धा.

मेलला कागद जोडायचा तर क्रम उलटा करा. सगळे आधी पत्र लिहितात, पत्ता घालतात, आणि जोडायचं विसरतात. तुम्ही आधी कागद जोडा. पत्राच्या चौकटीत पिनेसारखी खूण असते. ती दाबली की आपलं कपाट उघडतं, आपल्या खणातून कागद निवडायचा, आणि त्याचं नाव मेलमध्ये उमटेपर्यंत थांबायचं. मग पत्र लिहायचं. पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ता नसला तर मेल चुकूनसुद्धा जाऊ शकत नाही.

नापास झालात म्हणून खचू नका, असं लिहिणार होते. नाही लिहीत. खचायला होतंच. मीसुद्धा कधी कधी संध्याकाळी घराच्या जिन्यात थोडा वेळ बसते आणि मग वर जाते. पण तुम्ही सहा कामांपैकी चार केलीत. फेब्रुवारीत तुम्हाला माऊस उचलता येत नव्हता.

तुमची
ठकी


२३ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आज लिहायला मोठी गोष्ट आहे.

परवा खिडकीवर एक बाई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती, दुकानातून उठून आल्या असाव्यात. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, पण तिचा एक दाखला त्या दिवशी संध्याकाळच्या आत मेलनं पोचायला हवा होता. नाहीतर जागा दुसऱ्याला. मुलगी तिकडे परगावी, दाखला इकडे आईकडे. शेजारच्या बाई रजेवर. ग्रंथपाल बाई बैठकीला. मी चूपसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं.

मी बसलो. शेजारच्या बाई करताना पाहिलं होतं तसा दाखला छपाईयंत्राच्या काचेवर ठेवून कॉम्प्युटरमध्ये घेतला, आपल्या खणात ठेवला, नाव दिलं. मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, आज उरकेल का? घामानं माऊस निसटत होता. आणि ठके, तू इतकं बजावूनही मी पत्र आधी लिहिलं आणि मेल पाठवून मोकळा झालो. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आणि दाखला?’

दाखला राहिला होता. पुन्हा केलं. या वेळी पिन आधी. नाव उमटेपर्यंत थांबलो. पत्ता शेवटी. त्या बाईंनी विचारलं, ‘गेलं?’ मी म्हणालो, ‘गेलं.’ इतक्या ठामपणे म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. त्या गेल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. थोड्या वेळानं उत्तर आलं, ‘मिळाला.’ मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, ‘आता शिवायला बसते.’

त्या भरात मी तुला मेल लिहिली. चार ओळींचीच. ती परत आली. त्यात असं काहीसं होतं की हा पत्ता सापडत नाही. मला वाटलं, एखादं टिंब राहिलं. कार्ड समोर धरून अक्षर न् अक्षर टाइप केलं. पुन्हा परत. काल तिसऱ्यांदा केली, तीही परत. त्या बाईंची मेल गेली आणि तुझी जात नाही, म्हणजे माझंच कुठेतरी चुकतं आहे. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. परीक्षेतही असंच झालं तर? काय चुकलं असेल ते लगेच कळव.

तुझा
मामा


२७ एप्रिल

ती. मामांस सा. न.

तुमचं काही चुकलं नाही. पत्ता बदलला असेल. तो विषय आता डोक्यातून काढून टाका.

परीक्षेत आधी सगळे प्रश्न वाचा. येतं ते आधी करा. छपाई शेवटी. घाबरायला झालं तर माऊस सोडून हात गुडघ्यावर ठेवा, श्वास घ्या, औषधाचा पंप खिशात असू द्या.

त्या बाईंचं वाचून मी रडले. चांगलं केलंत.

ठकी


६ मे

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मी पास झालो. काठावर, पण काठ असतोच कशाला. चूपसाहेब आणि आणखी पाच जण नापास झाले.

पास झाल्याचं तुला मेलनं कळवावं म्हणून नवा पत्ता शोधायला बसलो. तू शिकवलंस तसं कमी बोललो. तुझ्या वाचनालयाचं नाव, एवढंच. पहिल्याच ओळीत सूचना होती. वाचनालय बंद, पुस्तकं दुसरीकडे हलवली. सूचना नोव्हेंबरातली आहे.

मी पुन्हा वाचली. मग नाव वेगळ्या तऱ्हेनं टाइप करून पाहिलं, वाटलं दुसरं एखादं असेल. खुर्चीत बसून राहिलो. लोक येऊन ‘पेढे कुठे?’ विचारत होते.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. ‘हल्ली आमच्या खिडकीवर गर्दी नसते.’ खरंच लिहिलं होतंस म्हणायचं.

मी रागावलो नाही. मामीला अजून सांगितलेलं नाही. मी तुला परीक्षेचं रडगाणं लिहीत होतो आणि तू ते कुठे बसून वाचत होतीस, एवढंच मला कळवायला हवं होतं. आता कळव.

तुझा
मामा


१५ मे

ती. मामांस सा. न.

कळवते.

नोव्हेंबरात एके दिवशी ट्रक आला. आम्हाला आठवडाभर आधी सांगितलं होतं, पण ट्रक दारात उभा राहीपर्यंत ते खरं वाटलं नव्हतं. दोन माणसं पुस्तकं विटांसारखी एकमेकांकडे फेकत होती. मी म्हटलं, हळू. एक जण म्हणाला, बाई, आम्हाला अजून एक जागा करायची आहे. त्याचंही बरोबरच होतं. मी नोंदींचा कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि निघाले. मला दुसरीकडे घेतलं नाही. वरच्या दोघांना घेतलं.

आता मी पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात आहे. पाकिटांवरची नावं आणि पत्ते कॉम्प्युटरमध्ये घालते. दिवसभर नावं. कुणाचा चेहरा नाही. कुणी ‘ते निळ्या मुखपृष्ठाचं, नाव आठवत नाही’ असं विचारत नाही. खिडक्या नाहीत. तुम्हाला तळघराची भीती होती ना, मी वरच्या मजल्यावरच्या तळघरात बसते.

ह्यांना सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात सासूबाई घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखाना, जागरणं. म्हटलं, त्या उठून बसल्या की सांगेन. त्या बसल्या. म्हटलं, चालायला लागल्या की सांगेन. त्या काठी टाकून चालल्या तरी मी गप्पच. न सांगितलेली गोष्ट शिळी होत जाते, आणि मग ती वाढायची हिंमत होत नाही. सकाळी डबा घेऊन निघते. ते विचारतात, काय म्हणतंय वाचनालय? मी म्हणते, चाललंय.

तुम्हाला का नाही सांगितलं? आई गेल्यावर तुम्ही मला शाळेतून थेट तुमच्या वाचनालयात आणून बसवायचात. मी या धंद्यात आले ती तुमच्यामुळे. पण एवढंच कारण नाही. तुमचं पहिलं पत्र आलं आणि तुम्ही विचारलंत, बाण मध्येच असला तर काय करायचं. मामा, तीन महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तर लिहायला बसले की मी पुन्हा खिडकीवर असायचे. ते मोडवेना. म्हणून मेलही नको म्हणत होते.

दमले आहे फार. काम जड नाही, तरी दमले आहे.

ठकी


२१ मे

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंना सांग. आज वाचलंस तर आजच. माझ्याआधी त्यांना कळायला हवं होतं. त्यात माझी चूक नाही आणि तुझी किती, ते मी मोजत नाही.

दुसरं. नापास झालेल्यांना आणखी एक संधी द्यायचं ठरलं आहे. त्यांना शिकवायला ग्रंथपाल बाई माणूस शोधत आहेत. तो मागचा, एका सकाळीत उरकणारा, त्यांना नको आहे. मला त्यांनी विचारलं, ‘काका, तुम्ही कुणाकडून शिकलात?’ मी म्हणालो, विचारून सांगतो. तुझ्या परवानगीशिवाय एक अक्षर बोललेलो नाही.

नोकरी नाही ही. आठ-दहा दिवसांचं काम, त्याचा मोबदला. पुढचं मला माहीत नाही, बाईंनाही नाही. गोदामातून रजा मिळेल का आणि तुला यावंसं वाटेल का, हे तू बघ. दया म्हणून बोलावत नाही. चूपसाहेब अजून माऊस धरून भिंतीकडे सरकत आहेत.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, ‘पोरीनं सुट्टीचं उत्तर दिलं नाही तेव्हाच मला वास आला होता.’ मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

तुझा
मामा


२ जून

ती. मामांस सा. न.

सांगितलं. जेवण झाल्यावर, सासूबाई आत गेल्यावर. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी गेली त्याचं काही नाही म्हणाले. मग विचारलं, ‘मामांना कधी कळलं?’ मी खरं ते सांगितलं. तिथे ते दुखावले. दोन दिवस बोलले नाहीत. चहा करून समोर ठेवायचे, एवढंच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तू जिन्यात बसायचीस, ते मला वरून दिसायचं. मला वाटायचं, पाय दुखत असतील.’ मग स्वतःचाही कप घेऊन माझ्याशेजारी बसले.

गोदामात रजा देत नाहीत. गेलीस तर जागा राहील असं नाही, असं म्हणाले. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘ते वरचं तळघर जाऊ दे.’ तुमचं पत्र आणि माझ्या पत्राची नक्कल, दोन्ही त्यांनी वाचलं आहे. मीच दिलं.

बाईंना माझं नाव सांगा. मोठ्या हुद्द्यावर नव्हते, हेही सांगा.

ठकी


२१ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस आणि मी इथे बसून तुला पत्र लिहितो आहे. हे तुझ्या पिशवीत ठेवेन, गाडीत वाच. समोर बसून मला बोलता येत नाही, तुलाही येत नाही. आपलं कागदावरच बरं चालतं.

शिकवणीतल्या तुला न दिसलेल्या गोष्टी लिहितो, कारण तू पडद्याकडे पाहत होतीस आणि मी मागच्या रांगेतून माणसांकडे. तिसऱ्या दिवशी चूपसाहेबांनी ‘सेव्ह कुठे करू’ हा प्रश्न पुन्हा विचारला. चौथ्यांदा असेल. मला स्वतःला इतकं चिडायला झालं की ओठ चावला. तुझे डोळे लाल होते, आवाज बसला होता. तू खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलीस आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलंस. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, ‘तुमची पोरगी मला चूप म्हणाली नाही.’ यापेक्षा मोठं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. भाची आहे, हे मी सांगायला गेलो नाही.

काल परीक्षा झाली तेव्हा तू बाहेर फेऱ्या मारत होतीस. मी कागद वाटायला आत होतो, तिथे काय झालं ते सांगतो. चूपसाहेबांचा कागद अडकला. ते ओढणार, तेवढ्यात थांबले, झाकण उघडलं, दोन्ही हातांनी धरून सावकाश बाहेर घेतला. एक जण नापास झाला, हे तुला लागलं आहे. त्याला तळघरात जावं लागेल. मी त्याच्याशी बोललो. रोज संध्याकाळी तो खिडकी बंद झाल्यावर माझ्याकडे येणार आहे, पुढच्या खेपेपर्यंत. मी तुझ्यासारखा शिकवणार नाही. मला राग येतो. पण बघतो.

बाईंनी तुला सोमवारपासून बाकीच्या शाखांचं काम दिलं, ते मामीला मी आत्ता सांगितलं. एक शाखा झाली की दुसरी, आणि मग नाही. तिनं विचारलं, त्यानंतर काय? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, निदान या वेळी माहीत नाही हे तरी सगळ्यांना माहीत आहे.

दुपारचं जेवून तू आडवी झालीस ती अजून उठलेली नाहीस. मामी दोनदा दारातून डोकावून गेली. आत्ता पुन्हा आली आणि म्हणाली, उठवू का, चहा निवतो आहे. मी म्हटलं, झोपू दे गं, तिला कुठे कामावर जायचं आहे. बोलून गेलो, आणि माझं मलाच ते कसंसं झालं.

मामीनं तुझं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, ‘सोमवारी जायचं आहे की.’

तुझा
मामा